चूक त्याची, गाडी आपली

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि विमा

या खेपेची बरीच पत्रं एकाच सुरातली आहेत : ‘चूक समोरच्याची, मग भुर्दंड मला का?’ नव्या वाचकांसाठी सांगतो, मी ३१ वर्षं सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मोटार सर्व्हेअर होतो. गाडी ठोकली की विमा कंपनी नुकसान बघायला ज्याला पाठवते, तो माणूस. गॅरेजवाल्याला वाटायचं मी कंपनीचा, कंपनीला वाटायचं मी गॅरेजला सामील, आणि गाडीमालकाला आम्हा तिघांचाही संशय. आता निवृत्त आहे, त्यामुळे स्पष्ट बोलायला मोकळा आहे.

प्रश्न : काका, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाते, शिवाय आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यावं लागतं. गेल्या मंगळवारी सिग्नलला उभी असताना मागून पिकअप टेम्पोनं धडक दिली. कुणाला लागलं नाही. ड्रायव्हरनं चूक कबूल केली. मालक फोनवर म्हणाला, दहा हजार देतो, विषय मिटवा. मी घेतले नाहीत, फोटो मात्र काढले. गॅरेजनं ५९,०५० रुपयांचं एस्टिमेट दिलंय आणि म्हणतात तुमच्याच विम्यात क्लेम टाका. गाडी साडेचार वर्षांची आहे, एकही क्लेम घेतलेला नाही, ४५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आहे. तो का म्हणून घालवू? गाडी १८ दिवस मिळणार नाही म्हणतात. समोरच्याच्या कंपनीनं तोवर मला दुसरी गाडी द्यायला नको का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : ताई, दहा हजार नाकारलेत ते फार बरं केलंत. रस्त्यावर बंपरचा पोचा तेवढा दिसतो, त्याच्या मागचा बीम आणि बॅक पॅनेल गॅरेजमध्ये उघडल्यावर दिसतं. पैसे घेऊन ‘माझी तक्रार नाही’ असं लिहून दिलं असतंत, तर पुढचे सगळे रस्ते तिथेच बंद झाले असते.

आधी दुसऱ्या गाडीचं, कारण तुमची खरी अडचण ती आहे. चूक समोरच्याची आहे म्हणून त्याच्या कंपनीनं दुसऱ्या दिवशी दारात गाडी उभी करावी, अशी व्यवस्था आपल्याकडे नाही. तुमची स्वतःची पॉलिसीही ते देत नाही. पॉलिसीत गाडीची दुरुस्ती आहे, पण गाडी नसल्यामुळे होणारा खर्च सरळ वगळलेला असतो. त्यासाठी ‘डेली अलाउन्स’ नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर हप्त्याचा तक्ता आहे, त्यात हे नाव शोधा. पुष्कळांनी ते घेतलेलं असतं आणि त्यांना पत्ताच नसतो, एजंटनं टाकलेलं असतं. असलं तर रोजचे ठरावीक पैसे मिळतात, पण बहुतेक कंपन्या पहिले एक-दोन-तीन दिवस वजा करतात आणि दिवसांवर कमाल मर्यादा ठेवतात.

नसलं, तर टॅक्सीचा खर्च आज तुम्ही करायचा आणि नंतर टेम्पोवाल्याकडून मागायचा. मागता येतो. पण त्यासाठी कागद लागतो, आणि आपल्याकडचा टॅक्सीवाला पावती देत नाही. म्हणून रोख देऊ नका, यूपीआयनं द्या आणि शेऱ्यात ‘कोल्हापूर डायलिसिस येणे-जाणे’ असं लिहा. तेवढं एक वाक्य पुढे फार कामाला येतं. सोबत हॉस्पिटलच्या त्या त्या तारखेच्या पावत्या लावा. तारखेला तारीख जुळली की समोरच्या वकिलाला विचारायला फारसं उरत नाही. सेल्फ ड्राइव्ह गाडी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. ओळखीतला कुणी पांढऱ्या पाटीची गाडी दिवसाला हजार रुपये घेऊन देत असेल तर नको. ती भाड्यानं द्यायची गाडीच नव्हे, आणि तिला काही झालं तर तिची विमा कंपनी हात वर करेल.

पण त्याआधी एक विचारतो. गाडी १८ दिवस गॅरेजमध्ये कशाला ठेवताय? काम आहे चार-पाच दिवसांचं. डिकीचा दरवाजा आणि बॅक पॅनेल काढायचं, नवं बसवायचं, रंग, सुकवणं, फिटिंग. बाकीचे दिवस गाडी कोपऱ्यात धूळ खात पार्टची वाट बघत असते. तेव्हा सर्व्हेअरला गाडी दाखवा, मंजुरी घ्या, पार्टची ऑर्डर द्यायला लावा आणि गाडी घरी आणा. पार्ट आल्याचा फोन आला की नेऊन द्या. मात्र दोन गोष्टी बघा. फुटलेला मागचा दिवा सर्व्हे झाल्या झाल्या बदलून घ्या, जुना दिवा टाकू नका. आणि डिकी नीट बसते का ते तपासा. एक वर्तमानपत्राचा कागद कडेला धरून डिकी बंद करा आणि ओढा, चारही बाजूंनी कागद घट्ट अडकला पाहिजे. कुठे सहज निघून आला तर तिथून सायलेन्सरचा धूर आत येतो. आजारी आईला त्या गाडीतून नेऊ नका, मग टॅक्सीच बरी.

आता क्लेम कुठे टाकायचा. तुमच्या पॉलिसीत दोन खिसे आहेत. एक ओडी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. दुसरा थर्ड पार्टी, म्हणजे तुम्ही दुसऱ्याचं केलेलं. टेम्पोच्या पॉलिसीतही तो थर्ड पार्टीचा खिसा आहे, आणि तिथली थर्ड पार्टी तुम्ही आहात. मालमत्तेच्या नुकसानीसाठी तिथे साडेसात लाखांपर्यंत जागा असते (काही मालक हप्ता वाचवायला ती ६,००० वर आणून ठेवतात, मग वरचं मालकाच्या खिशातून). पण त्या खिशात हात घालायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. पत्र लिहिलं आणि त्याच्या कंपनीनं चेक पाठवला, असं माझ्या ३१ वर्षांत मी बोटावर मोजण्याइतकं पाहिलं. न्यायाधिकरणाला वेळ लागतो, आणि तोवर आई डायलिसिसला कशी जाणार?

म्हणून दुरुस्ती ओडीतून करून घ्या आणि ओडीनं न दिलेलं टेम्पोकडून वसूल करा. दोन्ही चालतं. एकाच रुपयाची दोनदा वसुली तेवढी चालत नाही. तुमच्या कंपनीनं दिलेला आकडा न्यायाधिकरणासमोर लपवू नका.

ओडी काय देणार नाही ते तुमच्याच एस्टिमेटवरून दाखवतो, कारण बिल भरायच्या दिवशी ‘एवढे कसे कापले?’ म्हणून काउंटरवर भांडणं होतात. तुमच्याकडे झिरो डेप (पार्टवरचा घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही असं धरतो. गाडी चार ते पाच वर्षांच्या गटात आहे, म्हणजे लोखंडी पार्टवर ३५ टक्के घसारा, प्लास्टिकवर वय काहीही असो ५० टक्के. बंपर ४,८०० चा, त्यातले २,४०० गेले. डिकीचा दरवाजा १४,६००, गेले ५,११०. बंपरचा बीम ३,२००, गेले १,१२०. टेललॅम्प २,६००, गेले १,३००. बॅक पॅनेल ६,०००, गेले २,१००. मजुरी ११,००० पूर्ण मिळते. रंगकाम १६,०००, त्यातला पाव हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणून २,००० गेले. क्लिपा, सीलंट, नटबोल्टचे ८५० मिळत नाहीत. वर १,००० रुपये सक्तीची वजावट, दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला ती असतेच. सगळं मिळून तुमच्या खिशातून १५,८८० आणि कंपनीचे ४३,१७०.

बोनसचाही हिशेब मांडू, कारण ‘४५ टक्के गेले’ ऐकलं की माणूस दचकतो. हे टक्के फक्त ओडीच्या हप्त्यावर असतात, पूर्ण हप्त्यावर नाही. तुमचा ओडीचा मूळ हप्ता ७,००० आहे समजा. क्लेम नसता तर पुढच्या वर्षी ५० टक्क्यांवर पोचला असतात आणि तिथेच राहिला असतात. आता शून्यापासून सुरुवात, मग २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५०. म्हणजे पहिल्या वर्षी ५० टक्क्यांचा तोटा, मग ३०, २५, १५, ५. बेरीज सव्वापट, ८,७५० रुपये, तेही पाच वर्षांत विभागून. गाडी जुनी होत जाईल तसा हप्ता उतरतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून थोडे कमीच. ४३,१७० घेऊन ८,७५० घालवायचे, तर क्लेम टाकण्यात शहाणपण आहे. हेच एस्टिमेट १५ हजारांचं असतं तर मीच म्हणालो असतो, टाकू नका.

टेम्पोकडे मागायचे ते असे : १५,८८० वजावटीचे, टॅक्सीचे (एका फेरीचे १,२०० धरले तर आठ फेऱ्यांचे ९,६००) आणि बोनसचे ८,७५०. पहिले दोन आकडे भक्कम आहेत. बोनस मागा, पण तो मिळेलच असं धरून चालू नका. तुमच्या कंपनीनं दिलेले ४३,१७० तिनं टेम्पोच्या कंपनीकडून वसूल करायचे की नाहीत, हा त्यांचा आपसातला मामला. त्याला धंद्यात ‘नॉक फॉर नॉक’ म्हणतात, म्हणजे तू तुझी गाडी बघ, मी माझी बघतो. तुमची चूक नसूनही बोनस का जातो, याचं उत्तर यातच आहे. बोनस हा क्लेम न घेतल्याबद्दल असतो, चूक न केल्याबद्दल नसतो. मलाही हे कधी पटलं नाही, पण नियम आहे तो असा.

पत्रात पोलिसांचा उल्लेख नाही, तो मला खटकला. गेला नसाल तर आज जा. कुणाला लागलेलं नसलं की ठाण्यात ‘आपसात मिटवा’ हाच सूर असतो. वाद घालू नका, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. अर्जात तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, ‘माझी गाडी उभी होती’ हे वाक्य आणि ड्रायव्हरचं नाव. बेदरकार वाहन चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली येतं, ते लिहिलंत तर हवालदार अर्ज जरा नीट वाचतो. टेम्पोचा विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंत, ते एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा आणि स्क्रीनशॉट आजच्या तारखेचा ठेवा.

मी हे एवढं बजावतोय त्याचं कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी अंकली फाट्यावर एका टेम्पोनं माझी गाडी ठोकली. मी सर्व्हेअर! खाली उतरलो, सवयीनं नुकसानीचे सतरा फोटो काढले : बंपर, फेंडर, हेडलॅम्पचा तुटलेला कान. टेम्पोची नंबरप्लेट एकाही फोटोत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. टेम्पो गेला तो गेला. पुढे ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांना हेच सांगितलं, पहिला फोटो असा काढा की दोन्ही नंबरप्लेट एकाच चौकटीत येतील, बाकीचे नंतर.

मुदती लक्षात ठेवा. न्यायाधिकरणात अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत टाका. तो तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात टाकता येतो, अपघात कुठेही होवो. एवढ्या रकमेसाठी वकिलाला लोकअदालतीचं विचारा, अशी लहान प्रकरणं तिथे एका बैठकीत मिटलेली मी पाहिली आहेत. तुमच्या स्वतःच्या कंपनीसाठी विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा. रखडलं तर १५५२५५ वर तक्रार नोंदवा. एकदा क्रमांक पडला की फायली भराभर हलतात.

प्रश्न : माझी २०११ ची गाडी आहे, फक्त थर्ड पार्टी विमा आहे. रात्री कराडजवळ उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या होत्या. वळणावर मागची ट्रॉली झुलली आणि माझी डावी बाजू पूर्ण घासत गेली. गॅरेजवाला ७० हजार म्हणतो. ट्रॅक्टरचा मालक म्हणतो, तुमच्या विम्यातून घ्या. (निवृत्त शिक्षक)

उत्तर : गुरुजी, तुमच्या विम्यात तुमच्या गाडीसाठी एक रुपयाही नाही, त्यामुळे मालकाचं म्हणणं तिथेच संपलं. तुम्हाला सगळं ट्रॅक्टरकडूनच घ्यावं लागेल.

उसाच्या ट्रॉलीत एक गोम असते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा. ट्रॅक्टरचा कागद चकचकीत असतो, ट्रॉलीचा गेल्या गळिताच्या आधीच संपलेला. तुम्हाला घासलं ट्रॉलीनं, तेव्हा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. म्हणून ट्रॉलीचा नंबर लागतो, आणि तो बहुधा हातानं रंगवलेला आणि चिखलानं झाकलेला असतो. फोटोत नसेल तर साखर कारखान्याच्या शेती खात्यात जा. हंगामात ऊस ओढणाऱ्या प्रत्येक वाहनाची तिथे नोंद असते आणि कारखान्याचा कोड वाहनावर रंगवलेला असतो. चिटबॉयला, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, कोड सांगितला की मालक, गाव, सगळं कळतं. कारखाना तुमची भरपाई देणार नाही, पण वाहतुकीचं बिल कारखान्यातून निघतं हे मालकाला ठाऊक असतं. शेती अधिकाऱ्यासमोर बसल्यावर माणसं जरा वेगळ्या आवाजात बोलतात.

विम्याचे कागद नसतील तर रक्कम मालकाकडून व्यक्तिशः वसूल करावी लागते. तेव्हा माझा कल तडजोडीकडे आहे. १४-१५ वर्षांच्या गाडीची बाजारात जी किंमत, त्याहून जास्त दुरुस्ती कुणी मान्य करत नाही. तुमच्या गाडीला आज सव्वा लाख येत असतील तर ७० हजार मागणं रास्त आहे, साठ हजारच येत असतील तर नाही. दारं नवी टाकण्याऐवजी जुन्या बाजारातली चांगली दारं बसवून घेतलीत तर आकडा बराच खाली येईल, आणि खाली आलेला आकडा हातात लवकर पडतो.

दुरुस्तीआधी परवानाधारक सर्व्हेअरकडून स्वतःच्या खर्चानं पाहणी करून घ्या. त्याची फीही मागता येते. तडजोड झाली तर कागदावर ‘पूर्ण आणि अंतिम’ हे शब्द पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय लिहू नका. असं लिहा : ‘अमुक तारखेच्या अपघाताबद्दल ट्रॅक्टर क्रमांक अमुक, ट्रॉली क्रमांक अमुक यांच्या मालकाने अमुक रक्कम दोन हप्त्यांत द्यायची. दुसरा हप्ता जमा झाल्यावर माझा दावा संपेल. हप्ता चुकल्यास कायदेशीर हक्क राखून आहे.’ खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. सहा महिन्यांची मुदत हप्त्यांच्या वायद्यात निघून जाणार नाही एवढं बघा. मालकाला ते माहीत असतं.

आणि त्याच्या विमा कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात किंवा विमा लोकपालाकडे जाऊ नका, वेळ वाया जाईल. तुम्ही तिचे ग्राहकच नाही.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्या गाडीला मागून धडक बसली. दुसऱ्या दिवशी एका कंपनीचा फोन आला, ‘तुमची चूक नाही, तुम्हाला तशीच गाडी फुकट देतो.’ तिनं घेतलीसुद्धा. मला मात्र धाकधूक वाटते. फुकट कोण देतं? आणि तिथे मिळते तर इथे का नाही? (एक आई, पुणे)

उत्तर : धाकधूक रास्त आहे. तिथे याला ‘क्रेडिट हायर’ म्हणतात. गाडी फुकट नसते, उधारीवर असते. मुलगी त्या कंपनीची भाडेकरू आहे, रोजचं भाडं तिच्या नावावर चढतंय आणि कंपनी ते चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीकडून वसूल करणार आहे. हे भाडं साध्या भाड्यापेक्षा पुष्कळ चढं असतं, आणि त्यावरून तिथे अखंड कोर्टबाजी चालते. हाउस ऑफ लॉर्ड्सनं २००३ मध्ये एका प्रकरणात ठरवलं की ज्याच्याकडे खिशातून भाडं भरायची ऐपतच नाही, त्याला ते चढं भाडंही वसूल करता येतं. ज्याची ऐपत आहे त्याला साध्या बाजारभावाइतकंच. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये मान्य केलं की महागडी गाडी ठोकली गेली तर मालकाला त्याच तोडीची गाडी भाड्यानं घेता येते. तिथे ‘गाडी नसणं’ हेच नुकसान मानलं जातं आणि ते वसूल करून देणारा धंदाच उभा राहिला आहे. आपल्याकडे तत्त्व मान्य आहे, धंदा उभा राहिलेला नाही, म्हणून दारात गाडी येत नाही.

मुलीला फोन करून चार गोष्टी विचारा. सही केलेल्या करारात, पैसे वसूल झाले नाहीत तर कोण देणार, असं कलम आहे का? घरात दुसरी गाडी आहे का? जावईबापूंची गाडी दिवसभर दारात उभी असेल तर समोरचा म्हणेल, गरजच नव्हती. तिची ठोकलेली गाडी चालण्याजोगी आहे का? असेल तर भाड्याची गाडी फक्त दुरुस्तीच्या दिवसांपुरतीच मागता येते. आणि समोरच्याच्या विमा कंपनीनं स्वतःहून गाडी देऊ केली होती का? ती नाकारून महाग गाडी घेतली असेल तर अडचण येऊ शकते. दुरुस्ती झाली किंवा गाडी मोडीत काढून पैसे मिळाले की भाड्याची गाडी ताबडतोब परत करायची, एक शनिवार-रविवारसुद्धा जास्त ठेवायची नाही. कोर्टात एक-एक दिवस मोजून विचारतात.

तिनं स्वतःच्या विमा कंपनीला कळवलं आहे ना, तेवढं नक्की करा. त्या फोनवाल्या कंपनीला सांगितलं म्हणजे विमा कंपनीला सांगितलं, असा समज आपल्या मुलांचा होतो. कळवणं वेगळं आणि क्लेम घेणं वेगळं, पण कळवायलाच हवं. वजावटीची रक्कम तिच्या खिशातून गेली असेल तर तीही समोरच्याकडून परत मागता येते, तिकडे त्यासाठी वेगळं कायदेशीर कव्हर पॉलिसीसोबत असतं. ते आहे का बघायला सांगा.

प्रश्न : सोसायटीत उभ्या केलेल्या गाडीचं दार रात्रीत कुणीतरी चेपलं. सीसीटीव्हीत एक पांढरी गाडी दिसते, नंबर दिसत नाही. हिट अँड रनची सरकारी भरपाई मिळेल का? (ठाणे)

उत्तर : नाही. ती योजना माणसांसाठी आहे : मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार. दारासाठी काही नाही. नंबर नसल्यानं दावा करायलाही कुणी नाही, राहिला फक्त तुमचा ओडी. एकच दार असेल तर डेंटरला आतून पोचा काढता येतो का विचारा. रंग तडकला नसेल तर पेंटिंगशिवाय निघतो आणि क्लेमपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. तडकला असेल तर पावसाळ्याआधी करून घ्या, ठाण्याच्या हवेत उघडा पत्रा महिनाभरात तांबूस होतो. आणि त्या पांढऱ्या गाडीच्या बंपरवर तुमच्या गाडीचा रंग लागला असेल. सकाळी पार्किंगमधून एक चक्कर मारून या, वाकून बघा.